कुणाची हरकत आली नाही

नबिला परकार कोणताही मसुदा पाठवण्यापूर्वी एकदा पूर्ण वाचत असे. तशी गरज नव्हती. मसुदा योग्य पत्त्यांवर, योग्य विषय लिहून, वेळेत पाठवणं एवढंच तिचं काम होतं. दुबईत एका युरोपीय राजदूताचं ऑफिस ती काही वर्षं चालवत होती आणि त्या काळात तिला मजकुरात एकदाच चूक सापडली होती. एका नदीचं नाव दोन परिच्छेदांत दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं होतं.

त्या गुरुवारी तिला सापडलं ते मुद्दाम केलेलं होतं.

मसुदा युद्धबंदीचा होता. आफ्रिकेतल्या एका देशात सरकार आणि बंडखोर यांच्यात चार वर्षं लढाई चालू होती. दोन्ही बाजूंची माणसं वाटाघाटींसाठी दुबईच्या खाडीजवळच्या एका हॉटेलात वेगवेगळ्या मजल्यांवर उतरली होती. बुधवारपर्यंतच्या मजकुरात शस्त्रं 'नदीच्या दोन्ही काठांवर' थांबणार होती. आता तिथे 'नदीच्या उत्तर काठावर' असं लिहिलं होतं.

माबेरो हे शहर दक्षिण काठावर होतं. तिथे एक बाजार होता, एक धावपट्टी होती, आणि शारजातल्या एका व्यापाऱ्याचं मासळीचं कोल्ड स्टोरेज होतं. त्या कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर झुबेर हा नबिलाचा धाकटा भाऊ. वाटाघाटी सुरू झाल्या त्याच दिवशी तिने हे राजदूतांना सांगितलं होतं. नियमच तसा होता. सांगितल्यावर त्यांनी तिला कामावर ठेवलं होतं, फक्त एक गोष्ट तिच्याकडून कबूल करून घेतली होती: इथला शब्द घरी जाणार नाही.

ती मसुदा घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेली.

आर्विद लिंडेल त्या महिन्याअखेर निवृत्त होणार होते. उत्तर युरोपातल्या ज्या लहान देशाचे ते राजदूत होते, त्याची आफ्रिकेत कधी वसाहत नव्हती. याच एका कारणाने त्यांची कारकीर्द घडली होती. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना ज्याच्याबद्दल जुना राग नाही असा माणूस हवा असे, आणि तो माणूस बहुधा लिंडेल असत. सव्विसाव्या वर्षी ते पहिल्यांदा त्या खंडावर उतरले, तेव्हा त्यांच्या मंत्रालयात आफ्रिका विभाग म्हणजे शिक्षेची बदली समजली जाई. त्यांनी ती मागून घेतली. मग एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत, मधे दोन वर्षं मायदेशी, पुन्हा तिकडेच. तीन भाषा शिकले. दोनदा मरता मरता वाचले, एकदा तापाने आणि एकदा ट्रकने. बायको पहिल्या दशकातच परत गेली. त्यांच्या नावावर तीन करार होते. पहिला सहा वर्षं टिकला, दुसरा दोन, तिसऱ्याची शाई वाळण्याआधीच तोफा सुरू झाल्या. हा चौथा होता.

ते वाईट माणूस नव्हते. मरियमबी, म्हणजे नबिलाच्या आई, हॉस्पिटलात होत्या तेव्हा ते रोज विचारपूस करत, आणि डिस्चार्जच्या दिवशी स्वतः गाडी घेऊन आले होते.

"सर, दक्षिण काठ गेला," नबिला म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला. बंडखोरांनी बुधवारी रात्री तेवढंच मागितलं होतं, असं त्यांनी सांगितलं. ते दिलं नाही तर ते शनिवारी निघून जाणार. दिलं तर उत्तरेचे तीन प्रांत शांत होतात. दक्षिणेचं पुढच्या बैठकीत बघता येईल.

सरकारी बाजू हे मानणार नाही, असं नबिला म्हणाली. मंत्री हमीसी स्वतः माबेरोचे होते. राजकारणात येण्यापूर्वी तिथल्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं होतं.

"समोर बसून विचारलं तर नाही मानणार," लिंडेल म्हणाले. "म्हणून विचारायचं नाही. उद्या दुपारी दीडची मुदत घाला."

ही मुदतीची रीत नबिलाला पाठ होती. राजनैतिक कामात मजकूर सगळ्यांना पाठवतात आणि एक वेळ ठरवतात. त्या वेळेपर्यंत कुणी लेखी हरकत घेतली नाही तर मजकूर सर्वांना मान्य आहे असं धरतात. हात वर करायला लागत नाही, तोंडाने हो म्हणायला लागत नाही. हरकत घेणं याला त्यांच्या भाषेत मौन मोडणं म्हणत.

लिंडेलनी या रीतीची कला केली होती. सुरुवात योगायोगाने झाली. वीसेक वर्षांपूर्वी, त्यांच्या पहिल्या कराराच्या वेळी, एक हट्टी जनरल प्रत्येक ओळीला अडवत होता. शेवटच्या मसुद्याची मुदत दुपारची होती. जनरल जेवून झोपला, त्याला उठवायची कुणाची छाती झाली नाही, आणि मुदत उलटली. युद्ध थांबलं. लिंडेलना बढती मिळाली. झोपलेल्या जनरलची ही गोष्ट ते दर मेजवानीत सांगत आणि ऐकणारे दर वेळी हसत. पुढे ते मुदतीची वेळ विचार करून निवडू लागले. लग्नाची संध्याकाळ, ईदची पूर्वसंध्या, फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा दुसरा अर्धा. खात्यातली तरुण मंडळी त्याला 'लिंडेलची वेळ' म्हणत. शुक्रवारी दुपारी दीडला मंत्री हमीसी मशिदीत असणार होते, फोन बंद करून.

"माझा भाऊ तिथे आहे, सर."

"मला माहीत आहे. रविवारी मदतीचं विमान माबेरोत उतरणार आहे. परत येताना त्यात त्याला जागा मिळेल. मी स्वतः बोललो आहे, त्याला निरोपही गेला आहे."

"धावपट्टी रविवारपर्यंत राहील?"

"मजकूर जाहीर व्हायला सोमवार उजाडेल," लिंडेल म्हणाले. तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. दोघांनाही ते कळलं.

नबिलाने मसुदा पाठवला.

शारजाच्या रस्त्यावर त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत ती बसून राहिली. घरी पोचली तेव्हा सगळे जेवायला थांबले होते आणि टेबलावरच्या फोनमधून झुबेरचा आवाज येत होता. व्हॉट्सअॅपवर इथून कॉल लागत नाही, म्हणून तो लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवी आणि सगळे ते एकत्र ऐकत.

झुबेर सांगत होता की नदीतल्या नव्या माशाला तोंड राजदूताचं आहे आणि काटे सासूचे. जनरेटरचा पार्ट पोचला, पण भावोजींनी पाठवलेला पार्ट कुठल्या जमान्यातला आहे हे विचारायचं होतं, कारण इथल्या मिस्त्रीने तो बघून आधी सलाम केला. रविवारी निघायचं म्हणतो. अम्मीने कोळंबीचं लोणचं घालून ठेवावं.

"माझ्याच पार्टवर त्याचा बर्फ जमतोय," गनी म्हणाला. नबिलाच्या नवऱ्याचं रास अल खोरला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि त्याचा निम्मा माल आफ्रिकेत जाई. "येऊ दे त्याला. सलाम काय असतो ते दाखवतो."

"मामू इज सो मीन टू यू, बाबा," अलिशा म्हणाली आणि हसली. ती दहावीत होती.

जेवण झाल्यावर गनी नबिलाच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. आवाज उतरवून त्याने सांगितलं की आज त्याच्या एजंटने माबेरोचं बुकिंग घ्यायला नकार दिला. दुसऱ्या एजंटनेही. उत्तर काठाच्या बंदरांचं घेतायत, माबेरोचं खलास. का, ते कुणी सांगत नाही.

"तुझ्या ऑफिसात काही आहे का?"

"तुम्हाला माहीत आहे, मला बोलता येत नाही."

"बरं," तो म्हणाला. "हेसुद्धा उत्तरच झालं."

मरियमबींना काही विचारायचं नव्हतं. त्यांचा नवरा जहाजावर खलाशी होता. रत्नागिरीजवळच्या गावात त्यांनी महिनोन्महिने खबरीशिवाय काढले होते, आणि त्यातून एक नियम केला होता: खबर नाही म्हणजे माणूस बरा आहे. वाईट खबर थांबत नाही, ती कुणाच्या ना कुणाच्या तोंडून दारात येतेच. तो नियम त्यांनी मुलांनाही लावला होता. झुबेरचा मेसेज आला नाही की त्या म्हणत, मग कामात असेल. आज मेसेज आला होता, तरी त्या जरा गप्प होत्या. सकाळी मीठ आणि मिरची आणायला त्यांनी गनीला सांगितलं.

शुक्रवारी नबिला ऑफिसात लवकर पोचली. अर्ध्या दिवसाचं ऑफिस, त्यामुळे दुपारपर्यंत इमारत रिकामी होत आली होती. लिंडेल केबिनमध्ये होते. मेलबॉक्समध्ये बंडखोरांकडून काही नव्हतं, सरकारी बाजूकडूनही नव्हतं. मसुदा एवढ्या दोन ठिकाणी गेला होता, आणि हमीदार म्हणून लिंडेलच्या स्वतःच्या देशाकडे. त्या देशाच्या वतीने उत्तर द्यायचा अधिकार लिंडेलनाच होता.

गाड्या, जेवण, नमाजाची सोय हे सगळं नबिलाकडे असल्यामुळे मंत्र्यांचा खाजगी नंबर तिच्याकडे होता. एकच्या सुमारास ती जिन्यात गेली आणि तिने तो लावला. नऊ वर्षांत तिने असं काही केलं नव्हतं. उचलला गेला नाही तर पुन्हा लावायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

मंत्र्यांनी लगेच उचलला. मागे नळाचं पाणी वाहत होतं आणि माणसांची कुजबुज होती. तिने सलाम केला. मसुदा पाहिलात का, असं विचारलं. चौथं कलम. मुदत दीडची आहे, आणि नमाज आटपेपर्यंत ती गेलेली असेल.

पाण्याचा आवाज बंद झाला.

"बेटी, तुला हे राजदूतांनी सांगायला लावलं?"

"नाही. माझा भाऊ माबेरोत आहे."

मंत्र्यांनी सांगितलं, तेही सावकाश, वर्गात एखादं गणित सोडवून दाखवावं तसं. मसुदा त्यांनी काल रात्रीच वाचला होता. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनीही. तीन प्रांतांच्या बदल्यात एक शहर, हा हिशेब राजधानीत आठवड्यापूर्वीच मान्य झाला होता. अडचण फक्त एवढीच होती की माबेरो देऊन टाकलं, हे वाक्य कुणाच्या तोंडी घालायचं.

"माझं घर तिथे आहे," मंत्री म्हणाले. "माझी बहीण तिथे आहे. मी हो कसं म्हणू? म्हणून मी नमाजाला आलोय. राजदूतांना वाटतं त्यांची मुदत आम्हाला कळत नाही. आम्ही वीस वर्षं त्यांच्या घड्याळावर आमच्या नमाजा लावतोय. त्यांनी वेळ अशी निवडली नसती तर आम्हालाच मागून घ्यावी लागली असती."

"मग भाऊ?"

"त्याला सांग, नदी ओलांड. माझ्या बहिणीलाही मी तेच सांगितलंय. ती ऐकत नाही." अजान सुरू झाली. त्यांनी दुआ देऊन फोन ठेवला.

नबिला केबिनमध्ये गेली आणि तिने केलेलं सगळं सांगितलं. नोकरी जाण्यासारखी गोष्ट होती. लिंडेल त्याबद्दल काहीच बोलले नाहीत. मंत्र्यांचं घड्याळाबद्दलचं वाक्य त्यांनी तिला पुन्हा सांगायला लावलं. ती सांगत असताना ते खिडकीतून खाली बघत होते, जिथे काही दिसण्यासारखं नव्हतं.

"वीस वर्षं," ते म्हणाले.

"असं म्हणाले."

"म्हणजे तो जनरल झोपलेला नव्हता."

मुदतीला अजून वेळ होता. ती टेबलाजवळ आली.

"सर, तुम्ही हरकत घ्या."

हे करता येण्यासारखं होतं. एका ओळीचं काम होतं. हमीदार देशाने मौन मोडलं तर मजकूर पडतो, दक्षिण काठ पुन्हा चर्चेत येतो, आणि निदान चर्चा चालू असेपर्यंत माबेरोवर उघड हल्ला करणं बंडखोरांना जड जातं. झुबेरला चार दिवस मिळाले असते. लिंडेलनी कीबोर्ड पुढे ओढला. 'माझ्या सरकारला खेदाने कळवावं लागतं की' एवढं त्यांनी लिहिलं. तिला ते दिसत होतं.

मग त्यांची बोटं थांबली. आयुष्यात आपण एकदाही मौन मोडलेलं नाही, असं ते म्हणाले. आणि मोडलं तर बंडखोर आजच उठून जातील, उत्तर काठही जाईल. तिथे किती माणसं राहतात हे तिला ठाऊक आहे.

तिला ठाऊक होतं. ते आकडे तिनेच टाइप केले होते.

"माझ्या जागी तुम्ही असता तर?" त्यांनी विचारलं.

"मी तुमच्या जागी नाही, सर. मी तुम्हाला विचारतेय."

लिंडेलनी मान हलवली, ती हो होती की नाही हे तिला कळलं नाही. ते अर्धं वाक्य तसंच स्क्रीनवर ठेवून ते बसून राहिले. त्यांनी ते पुसलं नाही आणि पूर्णही केलं नाही. नबिला समोरच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत ती न विचारता कधी बसली नव्हती. कुणाचाही मेल आला नाही.

दीड वाजून गेल्यावर ती उठली आणि आपल्या टेबलावर गेली. मुदत संपल्यावर पाठवायचं वाक्य ठरलेलं होतं. 'ठरलेल्या मुदतीत कोणाचीही हरकत न आल्यामुळे मजकूर संमत झाला आहे.' तिने ते टाइप केलं, पूर्ण वाचलं आणि पाठवलं.

त्यानंतर जिन्यात जाऊन तिने झुबेरला मेसेज केला. हसू नकोस, विचारू नकोस, आजच नदी ओलांड. तासाभराने त्याचं उत्तर आलं. या वेळी आवाजात मस्करी नव्हती. सकाळपासून बोटवाल्यांनी बोटी पलीकडे नेऊन ठेवल्यात, तो सांगत होता, एकसुद्धा अलीकडे नाही. पूल सैनिकांनी बंद केलाय, आणि गंमत म्हणजे तेच सैनिक सामान बांधतायत. "विमान रविवारी नक्की आहे ना? तुझ्या साहेबाला विचार. अम्मीला काही सांगू नकोस."

शनिवारी सरकारी सैन्य दक्षिण काठावरून निघालं. रविवारी पहाटे बंडखोर माबेरोत शिरले. मदतीचं विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरलं. झुबेरला पाठवलेल्या मेसेजपुढे एकच खूण उमटली, पोचल्याची दुसरी कधी आली नाही.

सोमवारी हॉटेलात सह्या झाल्या. फुलं होती, दोन्ही बाजूंचे लोक होते, मंत्री हमीसींनी शांततेवर चांगलं भाषण केलं. भाषण झाल्यावर ते नबिलासमोरून गेले. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही.

महिनाअखेरीला लिंडेलचा निरोप समारंभ झाला. त्यांच्या देशाने त्यांना पदक दिलं. उत्तर काठ तोपर्यंत शांत होता आणि पदकासोबतच्या मजकुरात तसं नमूद केलं होतं. जेवणानंतर कुणा तरुण सचिवाने आग्रह केला की झोपलेल्या जनरलची गोष्ट शेवटची एकदा व्हायलाच हवी. सगळे खुर्च्या वळवून बसले.

"ती मला आता नीट आठवत नाही," लिंडेल म्हणाले. लोक हसले, त्यांना ती प्रस्तावना वाटली. थोडा वेळ वाट पाहून ते पुन्हा आपापसात बोलू लागले.

दारात निरोप घेताना त्यांनी नबिलाचा हात हातात घेतला. भावाचं काही कळलं का, असं विचारलं. नाही, ती म्हणाली. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण मागच्या पाहुण्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते वळले.

घरी पोचायला तिला उशीर झाला. गनी आणि अलिशा झोपले होते. मरियमबी टेबलाशी बसल्या होत्या. लोणच्याची बरणी अजून फडक्याने बांधलेली तशीच होती. झुबेर गप्प झाल्यापासून त्या रोज संध्याकाळी काही आलं का विचारत, नबिला नाही म्हणे, आणि त्या म्हणत, मग बरा असेल. तिच्या फोनमध्ये माबेरोच्या बाजाराचे फोटो आले होते. जळालेलं कोल्ड स्टोरेज तिने ओळखलं होतं. घरात ती काही बोलली नव्हती. अम्मीला तिच्या नियमाचा आधार आहे, तो काढून घ्यायचा नाही, असं तिने आणि गनीने ठरवलं होतं.

आज मरियमबींनी काही विचारलं नाही. नबिला पर्स ठेवून त्यांच्या शेजारी बसली. खूप वेळाने ती म्हणाली, "अम्मी, एक सांगायचंय."

मरियमबींनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"नको गो. मला ठाव नाय असं वाटतं तुला? गनी माझ्या नजरेला नजर देत नाय, पोरगी बाथरूमात जाऊन रडते." त्यांनी हात काढला नाही. "पण तू बोललीस की मला ऐकावं लागेल. अजून नको."

थोड्या वेळाने मरियमबी उठल्या, बरणीचं फडकं सुटलं नाही ना ते चाचपून पाहिलं, गाठ आणखी आवळली, आणि ती फडताळात मागच्या बाजूला नेऊन ठेवली.